परसातील कोंबडीच्या अंगावरची सूज : घरगुती उपचारांचा आढावा

परसात दहा-पंधरा कोंबड्या असलेल्या घरात एखादीच्या डोक्यावर, पायाला किंवा पोटाशी सूज दिसली, की उपचार बहुधा घरातच सुरू होतो, आणि त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कुक्कुट पक्षी मोजले गेले आणि त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातले होते. हे पक्षी बव्हंशी लहान शेतकरी व भूमिहीन कुटुंबांकडे असतात, त्यांची देखभाल घरातल्या बायका करतात, आणि एका आजारी कोंबडीसाठी तालुक्याच्या गावी जायचे म्हटले तर भाडे आणि बुडालेली मजुरी मिळून कोंबडीच्या किमतीच्या पुढे जाते. त्यामुळे घरी काहीच करू नये, असा सल्ला देणारे पुस्तक या घरांच्या उपयोगी पडत नाही. मात्र सूज हे अनेक वेगवेगळ्या विकारांचे समान लक्षण असल्यामुळे, एका सुजेला लागू पडलेला उपाय दुसरीला दिला की नुकसान होते, आणि घरगुती उपचारांतले बहुतेक अपयश औषधाच्या निवडीत नसून त्याआधीच्या ओळखीत असते. ही ओळख घरी बऱ्याच अंशी करता येते. कारण ती सूज कोठे आहे, हाताला कशी लागते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कमी-जास्त होते, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते, आणि या तिन्ही गोष्टी रोज खुराडे उघडणाऱ्या माणसाइतक्या दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत.

ओळखीच्या आधी पक्ष्याच्या शरीराचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते, कारण ते ठाऊक नसल्याने सर्वाधिक इजा होते. माणसाच्या गळवात पू पातळ होऊन साचतो, गळू पिकते, फुटते आणि वाहून मोकळे होते. जंतूंशी लढणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशींत जी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने असतात, त्यांचा यात मोठा वाटा असतो. कोंबडीच्या रक्तात हेच काम हेटरोफिल नावाच्या पेशी करतात आणि त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते. परिणामी कोंबडीचा पू पातळ होत नाही, तो घट्ट, पिवळसर आणि खव्यासारखा कोरडा गोळा होऊन बसतो व त्याभोवती शरीर कठीण आवरण तयार करते. अशी गाठ पिकण्याची वाट पाहणे व्यर्थ असते, आणि ती दाबून पिळली तर बाहेर काही येत नाही, उलट जंतू भोवतालच्या मांसात व सांध्यात ढकलले जातात. तापलेल्या सुईने टोचणे, ब्लेडने चीर देणे, चुना-गुळाचा लेप लावून गाठ ‘ओढून काढणे’ हे सगळे उपाय माणसाच्या गळवाच्या अनुभवावर उभे आहेत, आणि कोंबडीच्या बाबतीत तो अनुभव चुकीची वाट दाखवतो.

सुजेचा सर्वांत सामान्य प्रकार तर रोगच नसतो. मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, किंचित उजव्या बाजूला कोंबडीची अन्नपिशवी असते. टिपलेले दाणे पोटात जाण्यापूर्वी या पिशवीत साठतात, भिजतात आणि थोडे थोडे पुढे सरकतात. संध्याकाळी खुराड्यात शिरताना ही पिशवी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, टणक लागते, आणि नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याला ती गाठ वाटते. तिची परीक्षा सोपी आहे: रात्रभर कोंबडीला दाणा-पाणी मिळू न देता पहाटे, खुराडे उघडण्याआधी, पिशवी हाताने चाचपावी. ती रिकामी व सपाट लागली तर कोंबडी निरोगी आहे. भरलेलीच राहिली असेल तर अन्न पुढे सरकत नाही असे समजावे. पिशवी कठीण लागत असेल तर आत लांब गवत, सुतळी, कापडाच्या चिंध्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे अडकलेले असण्याचा संभव मोठा, आणि उकिरड्यावर चरणाऱ्या आजच्या कोंबड्यांत हे तुकडे अधिकाधिक सापडतात. पिशवी मऊ, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लागत असेल आणि चोचीतून आंबूस वास येत असेल, तर साठलेले अन्न आंबून त्यात कॅन्डिडा जातीची बुरशी वाढलेली असते.

कठीण पिशवीसाठी घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. कोंबडीला वेगळ्या डालग्यात ठेवून दिवसभर दाणा बंद करावा, स्वच्छ पाणी मात्र समोर ठेवावे, ड्रॉपरने चोचीच्या कडेला थोडेथोडे कोमट पाणी आणि खाण्याच्या तेलाचे काही थेंब द्यावेत, आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बोटांनी हळुवार मळून आतला गोळा सैल करावा. एवढ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उतरलेली दिसली तर मऊ भात किंवा भिजवलेला कोंडा थोडा थोडा सुरू करता येतो. न उतरल्यास पिशवी उघडून साफ करणे एवढाच मार्ग उरतो. ती शस्त्रक्रिया पशुवैद्यकाला अवघड नसते आणि वेळेवर केली तर पक्षी बहुधा वाचतो. आंबलेल्या पिशवीला बुरशीवरचे औषध लागते व तेही पशुवैद्यकाकडूनच घ्यावे लागते. या दोन्ही प्रकारांत कोंबडीला उलटे धरून पिशवी पिळण्याचा जो प्रघात आहे, तो सोडून देण्यासारखा आहे: श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशी उघडे असते, वर आलेले पाणी सरळ फुप्फुसात उतरते आणि पक्षी हातातच मरतो.

हाताला कापसासारखी हलकी लागणारी, दाबली की चुरचुरणारी सूज पूर्णपणे वेगळी असते. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या पातळ पडद्याच्या वायुपिशव्या छातीपोटात पसरलेल्या असतात; कुत्र्याने किंवा मुंगसाने पकडल्यावर, अथवा दारात चेंगरल्यावर त्यांपैकी एखादी फाटली तर हवा कातडीखाली साचते आणि कोंबडी एका बाजूने फुगलेली दिसते. लहान सूज विश्रांतीने आपोआप उतरते. ती वाढत असेल किंवा कोंबडी चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, तर हवा काढावी लागते, आणि ती निर्जंतुक सुईने काढली तरी पुन्हा भरू शकते, म्हणून हे काम घरी करण्याचे नाही. दाताची जखम पिसांखाली झाकलेली असते, ती पिसे बाजूला सारून शोधणे आणि मिठाच्या पाण्याने धुणे एवढे मात्र घरी त्याच दिवशी झालेच पाहिजे.

रोगामुळे येणाऱ्या सुजांत डोक्यावरच्या सर्वांत अधिक आढळतात आणि घरगुती औषधांची कीर्तीही मुख्यतः त्यांच्यामुळेच झाली आहे. पावसाळा सरता सरता डास वाढले, की तुऱ्यावर, डोळ्यांच्या पापण्यांवर आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या तांबड्या पाळ्यांवर आधी फिकट पुरळ, मग पिवळसर फोड आणि शेवटी तपकिरी-काळ्या खरखरीत खपल्या दिसू लागतात. हा कोंबड्यांचा देवी रोग होय. तो विषाणूमुळे होतो, डास त्याला एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतात, चोचीने झालेल्या जखमांतूनही तो शिरतो, आणि पडलेल्या खपल्यांत विषाणू महिनोन्महिने टिकून राहतो. माणसाला हा रोग होत नाही. त्वचेपुरता राहिलेला देवी रोग तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो, खपल्या गळून पडतात आणि पक्ष्याच्या अंगी पुढे दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती येते. नेमक्या याच कारणामुळे हळद-तेल, कडुनिंबाचा पाला, राख, तंबाखूचे पाणी असा कोणताही लेप लावला तरी महिन्याभरात कोंबडी बरी होते आणि लेपाला गुण आला असे घरोघरी सांगितले जाते. या लेपांपैकी हळद व कडुनिंब यांनी अपाय होत नाही आणि खपलीत दुय्यम जंतू वाढण्याला थोडाफार आळा बसणे शक्य आहे. परंतु तंबाखूतील निकोटीन पक्ष्याला विषारी असते व डोळ्याजवळ लावलेला चुना बुबुळ जाळतो, म्हणून या दोन्ही गोष्टी निषिद्ध मानल्या पाहिजेत.

देवी रोगातील खरी शुश्रूषा लेपात नसून डोळ्यांत आणि तोंडात आहे. फोड पापण्यांवर आले की डोळे मिटतात, कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती रोगाने मरण्याऐवजी उपासमारीने मरते. उकळून थंड केलेल्या पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यात भिजवलेल्या कापसाने पापण्या सकाळ-संध्याकाळ पुसाव्यात, खपली ओढून काढू नये, आणि दाणा-पाणी चोचीपाशी नेऊन ती खाते आहे याची खात्री करावी. तोंडात व घशात पिवळट पापुद्रे दिसले, तर तो रोगाचा आतला प्रकार समजावा. त्यात श्वास कोंडून मृत्यू येतो आणि घरचे उपाय अपुरे पडतात. खपली नसताना एका डोळ्याखालचा गाल फुगला असेल, नाकातून घाण वासाचा स्राव येत असेल आणि दोन-तीन दिवसांत कळपातल्या इतरांनाही तसेच होऊ लागले, तर तो कोरायझा नावाचा जिवाणूजन्य रोग असण्याचा संभव असतो. मायकोप्लाझ्माच्या जुनाट श्वसनरोगातही चेहरा असाच सुजतो. दोहोंना योग्य प्रतिजैविक लागते, आणि बरी झालेली कोंबडीही रोगवाहक राहते, म्हणून तिला नव्या पिल्लांत मिसळू देणे महागात पडते. गळ्याच्या पाळ्या गरम व टणक सुजल्या असतील तर कोंबड्यांचा कॉलरा लक्षात घ्यावा लागतो. ज्या रोगजंतूला प्रयोगशाळेत दुर्बल करून लुई पाश्चर यांनी १८७९-८० मध्ये लसनिर्मितीचे तत्त्व सिद्ध केले, तो हाच.

येथे एक मर्यादा ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. तुरा व चेहरा सुजून निळसर-जांभळा पडला, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले आणि एक-दोन दिवसांत एकामागून एक पक्षी मरू लागले, तर घरगुती उपचाराचा विषय तेथे संपतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक निश्चित झाला आणि त्या भागातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही तो आढळला. हा विषाणू माणसालाही बाधू शकतो. अशा वेळी मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलणे, कापून पाहणे, आजारी दिसणारे घाईने कापून खाणे किंवा बाजारात विकणे, यांपैकी प्रत्येक कृती धोक्याची असते, आणि जनावरांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका कळवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगातही अशीच झपाट्याने मर होते व काही वेळा डोके सुजते. नुसत्या नजरेने या दोहोंत फरक करता येत नाही, आणि तो करण्याचा प्रयत्न घरी होऊ नये.

पायाच्या सुजेत घरगुती काळजीला सर्वांत चांगले यश येते. तळपायाच्या गादीवर मध्यभागी एक काळी, गोल, घट्ट बसलेली खपली, तिच्याभोवती लालसर फुगवटा आणि लंगडत चालणारी कोंबडी, हे चित्र तळपायाच्या गळवाचे असते. उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उडी मारताना, काट्याने, काचेने किंवा ओबडधोबड फरशीने कातडीला सूक्ष्म भेग पडते आणि त्यातून स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू आत जातात. वजनदार कोंबड्यांना आणि ओल्या, शिटीने भरलेल्या खुराड्यातील पक्ष्यांना हा त्रास अधिक होतो. सूज नवी असताना पाय कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा, मऊ फडक्याने कोरडा करावा, पोविडोन आयोडीन लावावे, तळव्याला कापसाची घडी देऊन बोटांच्या मधून फडक्याची पट्टी गुंडाळावी, आणि ती ओली वा घाण होताच बदलावी. पट्टी इतकीच घट्ट असावी की बोटे थंड पडू नयेत किंवा सुजू नयेत. याबरोबर दांडी जमिनीपासून दीड फुटाच्या आत आणली आणि खाली कोरडा भुसा किंवा भाताचे तूस पसरले, तर अनेक पक्षी दोन-तीन आठवड्यांत नीट चालू लागतात. आतला कठीण गोळा खोल गेला असेल तर तो काढण्यासाठी चीर द्यावी लागते. पायात रक्तवाहिन्या व स्नायुबंध दाट असतात आणि जंतू हाडापर्यंत पोहोचलेले असू शकतात, त्यामुळे ती चीर घरातल्या ब्लेडची नव्हे. उपचार करणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण हेच जिवाणू माणसाच्या जखमेतही वाढतात.

नडग्या जाड होऊन त्यांवरचे खवले उचललेले व पांढुरके दिसत असतील, तर ते खवल्यांखाली बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्यांचे काम असते. त्यावर रॉकेल चोळण्याची पद्धत जुनी आहे, परंतु रॉकेलाने कातडी भाजते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून जुन्या दातघासणीने हळू घासणे आणि नंतर खोबरेल किंवा व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे देत राहणे, हा उपाय किड्यांचा श्वास कोंडून तेच काम सौम्यपणे करतो. घोट्याचे सांधे गरम सुजले असतील तर मायकोप्लाझ्माचा किंवा अन्य जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, आणि सांध्यात खडूसारखा पांढरा पदार्थ साचला असेल तर तो मूत्राम्लाचा, म्हणजे गाऊट असतो. त्यात मूत्रपिंडे बिघडलेली असल्याने भरपूर पाणी देणे आणि प्रथिनांचा अतिरेक टाळणे यापलीकडे घरी फारसे काही साधत नाही.

पोटाची सूज सर्वांत फसवी असते, कारण कोंबडी बराच काळ खाते-फिरते आणि पाळणाऱ्याला ती नुसती लठ्ठ झालेली वाटते. अंडे अडकले असेल तर कोंबडी शेपूट खाली करून वारंवार कुंथते व एका जागी बसून राहते. अशा वेळी तिचे पोट कोमट पाण्याच्या घमेल्यात वीसेक मिनिटे बुडवून ठेवणे, मार्गाला खाण्याचे तेल लावणे आणि तिला अंधाऱ्या शांत जागी सोडणे पुष्कळदा पुरेसे होते, मात्र अंडे आतच फोडण्याचा प्रयत्न केला तर कवचाचे तुकडे अंडनलिका फाडतात. पुढे असे होऊ नये म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडून कुजला तर पोट पिठाच्या गोळ्यासारखे लागते आणि कोंबडी अंग उभे ठेवून चालते. जलोदरात पोट पाण्याने भरते. हे पाणी सुईने एकदम काढले तर कोंबडी धक्क्यानेच दगावू शकते.

वृद्ध कोंबडीच्या पोटातील गाठ पुष्कळदा अंडाशयाच्या कर्करोगाची निघते. कोंबडीला हा रोग आपोआप होतो आणि म्हणून स्त्रियांमधील त्या रोगाच्या अभ्यासासाठी तिचा उपयोग केला जातो. कोंबडीवरच्या अनाकलनीय गाठीने वैद्यकाच्या इतिहासाला दिलेले वळण येथे नमूद करण्यासारखे आहे. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत छातीवर मोठी गाठ असलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. पेटन राउस यांनी ती गाठ वाटून, पेशी व जिवाणू अडतील अशा गाळणीतून तिचा रस गाळला आणि तो निरोगी कोंबड्यांना टोचला, तेव्हा त्यांनाही तशाच गाठी झाल्या. विषाणूमुळे मांसार्बुद होऊ शकते हा १९११ मध्ये मांडलेला त्यांचा निष्कर्ष दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विषाणूतील कर्करोगकारक जनुक मुळात निरोगी पेशीतले आहे हे दाखवणाऱ्या बिशप व व्हार्मस यांना १९८९ मध्ये हाच सन्मान लाभला. परसात अधिक भेटणारा अर्बुदरोग मात्र मारेकचा, ज्याचे पहिले वर्णन हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये केले: तलंगांचा एक पाय पुढे व एक मागे पडून त्या लुळ्या होतात, आणि काहींच्या पिसांच्या मुळाशी गाठी येतात. यावर औषध नाही. पिल्लू जन्मताच दिलेली लस एवढेच संरक्षण आहे, त्यामुळे पिल्ले विकत घेताना ही लस दिली आहे का, हे विचारून घेणे उपयुक्त ठरते.

घरातल्या औषधांच्या डब्याविषयी अधिक कठोर असावे लागते. माणसाच्या वेदनाशामक गोळीचा तुकडा कोंबडीला देण्याची सवय वाढते आहे, परंतु डायक्लोफेनॅक पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना किती घातक असते हे गिधाडांच्या संहाराने दाखवून दिले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उरलेले प्रतिजैविक अंदाजाने पाण्यात घालण्याचे दोन तोटे होतात: अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, आणि औषधाचा अंश अंड्यात उतरून घरातल्या मुलांच्या पोटात जातो. माणसासाठी राखून ठेवलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना देण्यावर २०१९ मध्ये घातलेली बंदी याच चिंतेतून आली. पशुवैद्यकाने औषध दिले तर किती दिवस अंडी खाऊ नयेत, हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नये.

रोगाच्या या साऱ्या सुजांपैकी जी सर्वाधिक दिसते तिची, म्हणजे देवीची, लस स्वस्त व परिणामकारक आहे. ती सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पंखाच्या पातळ पडद्यात टोचली जाते, आणि सात-दहा दिवसांनी त्या जागी लहानशी सूज व खपली आली म्हणजे लस लागू झाली असे समजतात. ही एकच सूज पाळणाऱ्याने शोधून पाहावी अशी असते, आणि ती न आल्यास लस पुन्हा द्यावी लागते. पुण्यात औंध येथील पशुजैव उत्पादने संस्थेत देवीची व मानमोडीची लस तयार होते. अडचण पुरवठ्यापेक्षा आकाराची आहे. एका बाटलीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असतात, ती फोडून द्रावात मिसळल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात राखावी लागते, आणि बारा पिल्ले असलेल्या घराने ती आणली तर उरलेली वाया जाते. म्हणून एकेकटे घर लसीच्या वाटेला जात नाही आणि दर पावसाळ्यानंतर हळद-तेलाची वाटी बाहेर निघते. वाडीतल्या दहा-बारा घरांनी एकच दिवस ठरवला, आदल्या रात्री पिल्ले डालग्यांत कोंडून ठेवली आणि पशुसेवकाला पहाटेच बोलावले, तर बाटलीतल्या मात्रा फारशा वाया जात नाहीत. बचत गटांच्या मासिक बैठकीत हा दिवस पावसाळ्याच्या आधी ठरवून घेता येतो, आणि पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा निःशुल्क क्रमांकही त्याच बैठकीत प्रत्येकीने लिहून घ्यावा.